मलमलचाचा

आमच्या येरवड्याच्या खोलीत वाया जाणारं कापड नव्हतंच. आईची साडी विरली की तिची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं. वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे, आई चार घरी स्वयंपाक करायची, आणि दुसऱ्या वर्षाच्या गणितात अडकून माझं इंजिनिअरिंगचं एक वर्ष वाया गेलं होतं. अशा दिवसांत नाना पेठेतल्या एका गॅरेजात मी एका माणसाला उघड्या इंजिनावर धुतलेलं, इस्त्री केलेलं पांढरं मलमल अंथरताना पाहिलं. खरं सांगते, कौतुक वाटलं नाही. राग आला.

त्यांना सगळे मलमलचाचाच म्हणायचे. दाढी पांढरी, नखं काळी, आणि टेबलावर घडी घातलेल्या मलमलच्या तुकड्यांची चळत. चाची घरी ते सोड्यात उकळून धुवायच्या. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "चाचा, बाकीचे गॅरेजवाले जुन्या बनियनच्या चिंध्या वापरतात की!"

"वापरतात ना, मॅडम. चिंधीचा धागा सुटतो. सुटलेला धागा इंजिनात जातो आणि ऑइलच्या वाटेत बसतो. मग गाडी रस्त्यात बसते आणि गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसतं. एवढ्या बसाबशीपेक्षा मलमल बरं."

मला ते 'मॅडम' म्हणायचे, पण त्यात मान नव्हता. शिकलेल्या माणसाला काढलेला तो चिमटा होता.

आम्ही तिथे गेलो होतो शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी. माझा जोडीदार रोहन. त्याच्या वडिलांची मुळशीकडे जमीन आहे, तिथे हा एक एटीव्ही पळवायचा. मोठी चार चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, मातीत उड्या मारणारी शर्यतीची गाडी. तिच्या इंजिनाला रोहनने बाहेरून 'बिग बोअर किट' मागवलं होतं: जास्त रुंद सिलिंडर, त्यात बसणारं मोठं पिस्टन, रिंगा आणि पॅकिंग. ते बसवायचं आणि ताकद किती वाढते ते मोजायचं, एवढाच प्रोजेक्ट. सोमवारी परीक्षक येणार होते. नापास झाले असते तर आणखी एक वर्ष, आणि ते आमच्या घरात कुणालाच झेपलं नसतं.

चाचांनी घाई म्हणून कधी केली नाही. नवी रिंग आधी नुसती सिलिंडरमध्ये ठेवायची, तिच्या दोन टोकांमधली फट पट्टीने मोजायची, मग अगदी हलक्या हाताने कानस. "किटच्या खोक्यावर बरोबर लिहिलंय," असं मी म्हणाले, तर म्हणाले, "खोकं बसवायचंय का मॅडम?" जुनं सिलिंडर निघालं की खाली इंजिनाचं तोंड उघडं पडतं. त्यावर ते मलमल दाबून बसवत आणि दर वेळी एकच वाक्य म्हणत, "झोपलेलं बाळ आहे. माशी बसू द्यायची नाही."

शुक्रवारी दुपारी ते नमाजाला गेले. जाताना बजावून गेले, "मी येईपर्यंत हात लावू नका." पिस्टन जागेवर चढलं होतं, त्याला खालच्या दांड्याशी जोडणारी पिन आत सरकली होती. ती बाहेर येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना तारेचं एकेक छोटं कडं बसतं, त्याला लॉक म्हणतात. एक चाचांनी बसवलं होतं, दुसरं राहिलं होतं. रोहन म्हणाला, "यार, एवढंच तर आहे, तू लाव." मला खाच नीट दिसेना, म्हणून मी मलमल बाजूला केलं. पक्कडीतून लॉक सटकलं. टिक् असा आवाज झाला आणि ते दिसेनासं झालं.

आम्ही फरशी पाहिली, टॉर्च मारला, काडीला लोहचुंबक बांधून इंजिनात फिरवला. काहीच मिळालं नाही. मग मी जे केलं ते लिहायला आजही जड जातं. ताटलीतलं जुन्या पिस्टनचं लॉक उचललं, पुसलं, बसवून टाकलं आणि मलमल पुन्हा नीट अंथरलं.

चाचा आले. मलमल उचललं, लॉकवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"हे जुनं आहे. काढलेलं लॉक पुन्हा लावायचं नाही, हे रोज सांगतो. नवं कुठाय?"

रोहन म्हणाला, "चाचा, बाहेर उडालं असेल कुठेतरी. जाऊ द्या ना, दुसरं आणतो."

"असेल?" चाचांनी पक्कड खाली ठेवली. "असेल नावाचा पार्ट माझ्याकडे मिळत नाही. इंजिन खाली घ्या."

शनिवार आणि रविवार, दोन दिवस आम्ही अख्खं इंजिन उघडलं. क्रँक, गिअर, एकेक बेअरिंग. ऑइल मलमलमधून गाळून घेतलं. चाचा स्टुलावर बसून होते, पण एका पान्याला त्यांनी हात लावला नाही. "पाडलंय तुम्ही, शोधायचं तुम्ही." लॉक सापडलं नाही. रविवारी संध्याकाळी मी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. आईने माझा ॲप्रन धुवायला घेतला, बाहीची दुमड उलगडली आणि म्हणाली, "हे कसलं गं कानातलं? दुसरं कुठंय याचं?"

सोमवारी सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी ते कडं चाचांच्या हातावर ठेवलं. "चाचा, अख्खं इंजिन उगाच उघडलं आपण."

"उगाच कसं? शुक्रवारी इंजिनात नाही असं तुला वाटत होतं. आज तुला माहीत आहे." आणि थांबून म्हणाले, "जा आता, इंजिनिअर." त्या दिवसानंतर त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

सुटं इंजिन मलमलमध्ये बांधून आम्ही रिक्षाने नेलं. परीक्षकांनी विचारलं, "गाडी चालू का नाही?" मी जे झालं ते सांगितलं, जुन्या लॉकसकट. रोहन टेबलाखालून पाय मारत होता. साहेबांनी मग एकेक भाग उचलून विचारायला सुरुवात केली. दोन दिवसांत प्रत्येक भाग माझ्या हाताखालून गेला होता. एकाही उत्तराला अडले नाही.

पुढच्या आठवड्यात गाडी सुरू झाली. चाचांनी ती पळवू दिली नाही. तीन वेळा सुरू करून तापवली आणि तीन वेळा पूर्ण थंड होऊ दिली. "नवीन पिस्टनला घर ओळखीचं होऊ दे," म्हणाले. त्या इंजिनाचा तो जाड, खालच्या पट्टीतला आवाज अजून माझ्या कानात आहे.

मग नोकरी लागली, खराडीत, इंजिनांच्या डिझाइनची. इथे हात काळे होत नाहीत. चाचांचा फोन यायचा, "इंजिनिअर, चहाला कधी येतेस?" मी म्हणायचे, "येत्या रविवारी." असे किती रविवार गेले, मला सांगता येणार नाही. शेवटी मी गेले तेव्हा गॅरेजच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होतं. चाचा जाऊन दोन महिने झाले होते. मी त्यांच्या घरी गेले, तर चाचींनी आतून मलमलची एक घडी आणून दिली. "तुझी होती म्हणे ही. कुणाला वापरू दिली नाही." उलगडली तर कोपऱ्याला ऑइलचा फिकट डाग होता. आम्ही ऑइल गाळलं होतं, तेव्हाचाच.

ती घडी माझ्या ऑफिसच्या खणात आहे. एखादं ड्रॉइंग सहीला येतं, समोरचा म्हणतो, "बरोबर असेल, करून टाका," तेव्हा मी खण उघडते, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसते. आवाज मात्र येत नाही, "खोकं बसवायचंय का?" म्हणणारा.

आईने माझी पदवी फ्रेम करून दारासमोर लावली आहे. आमच्या घरातली ती पहिली. मी इंजिनिअर झाले.