अंधेरीतला मऊ भात

आईने जेवण सोडलं त्याच आठवड्यात मी देवाशी बोलणं सोडलं. अंधेरी पूर्वेच्या एका हॉस्पिटलात ती पडून होती. पोटातला आजार यकृतापर्यंत पोचला होता आणि डॉक्टर आता बरं होण्याविषयी काही बोलत नव्हते, फक्त त्रास कमी करण्याविषयी बोलत. आई मूळची मालवणकडची, लग्न होऊन वाकोल्याला आली ती इथलीच झाली. बाबा गेल्यावर तिने दत्ताचा अनुग्रह घेतला, मासे सोडले, मग कांदा-लसूणही सोडला. ज्या भांड्यात कधी मासे शिजलेत त्यातलं पाणीही ती घेत नसे. पण मला मासे आवडतात म्हणून रविवारी वेगळ्या कढईत करून द्यायची, वास सहन करत. माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता. इतकं सगळं सोडलेल्या बाईला देवाने हे का द्यावं?

घरी आम्ही दोघीच. आईजवळ रात्रंदिवस मीच असल्यामुळे सुरुवातीला शेजारच्या सावंतकाकी डबा पाठवायच्या. मग त्यांना गावाला जावं लागलं. हॉस्पिटलात आईला मिळणारं जेवण शाकाहारी होतं, पण इतरांची अंडी-मासळीही त्याच स्वयंपाकघरात शिजते हे आईने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. ती ताटावर झाकण ठेवून म्हणायची, "माका भूक नाय गो." चहाचे दोन घोट, बास. शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, "उद्यापर्यंत काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल." आई नळीला फार घाबरायची. बाबांना घातलेली तिने पाहिली होती.

घरी जाऊन शिजवून आणण्याइतका वेळ आईला सोडवत नव्हतं, म्हणून त्या दुपारी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेला लक्ष ठेवायला सांगून मी खाली उतरले. तुम्ही म्हणाल, अंधेरीत शाकाहारी हॉटेलांना काय तोटा? तोटा नव्हताच. दर गल्लीच्या तोंडाशी 'शुद्ध शाकाहारी'ची पाटी होती. कांदा-लसूण नको म्हटलं की वेटर लगेच म्हणायचा, "जैन मिलेगा ना मॅडम." आणि जैन म्हणजे पावभाजी, पनीर, नूडल्स, सगळं तिखट आणि तेलाने माखलेलं. आईच्या तोंडात फोड आले होते. मला हवा होता मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण. एके ठिकाणी मॅनेजर म्हणाला की एका माणसासाठी वेगळा कुकर लावता येणार नाही. दुसरीकडे वरण होतं, पण लसणाची फोडणी आधीच पडलेली. तोवर जेवणाची वेळ सरली आणि एकेक शटर खाली यायला लागलं. ऊन अजून तापत होतं. मी चालत राहिले, कारण रिकाम्या हाताने वर जाऊन आईचं तोंड बघायची हिंमत नव्हती.

मागच्या गल्लीत एका छोट्या शाकाहारी हॉटेलाचं शटर अर्धं उघडं होतं. मी वाकून आत पाहिलं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या आणि पन्नाशीचा एक माणूस सुकलेली भाजी गोणीत भरत होता. तो मालक होता. "बंद आहे ताई," तो म्हणाला. मी बरं म्हणून वळले, आणि काय झालं कोण जाणे, तिथेच पायरीवर बसून रडायला लागले. त्याने पाणी आणून दिलं. मी नळीचं सांगितलं, भाताचं सांगितलं. त्याने गोणी बाजूला सारली. मग हात धुऊन त्याने गॅस पेटवला.

भात त्याने चमच्याने घोटून घोटून मऊ केला. वरणात हळद, मीठ आणि वरून तूप. डबा माझ्या हातात देताना मात्र तो थांबला. "एक सांगायला पाहिजे. माझी आई गेलीय, आम्हाला सुतक आहे. माल खराब होत होता म्हणून आलो होतो फक्त. तुमच्या आईंना विचारा. नाही चालणार म्हणाल्या तर देऊ नका." तेव्हा कुठे माझं त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे लक्ष गेलं.

सुतकातल्या माणसाच्या हातचं आई पाणीही घेत नसे. रस्ताभर मला वाटत होतं, सांगूच नये. कोण बघतंय? पण आईला फसवून घास भरवणं जमेना. खाटेशी बसून मी सगळं सांगितलं. तिने मान फिरवली. मला वाटलं, संपलं.

मग ती हळूच म्हणाली, "त्येका आवशीक जेवूक घालूचा ऱ्हवला आसतला." स्वतःच्या आईला भरवायचं राहून गेलं असेल त्याचं. आणि माझ्याकडे वळून, "हाड हय." इकडे आण. उशाशी दत्ताची तसबीर होती. तिने डब्याभोवती पाणी फिरवलं आणि चार घास खाल्ले. उरलेलं मला खायला लावलं. त्या संध्याकाळी ती शांत झोपली.

नळी घालावी लागली नाही. पुढे काही दिवसांनी, थोडं थोडं खात, ती गेली. बरी झाली नाही. मी देवाकडे तिचा जीव मागितला होता, तो मिळाला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी त्या हॉटेलात गेले. गर्दी होती, तरी मालकाने मला लगेच ओळखलं. गल्ला सोडून तो बाहेर आला. "खाल्लं का त्यांनी?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं, आणि आई काय म्हणाली तेही सांगितलं. तो जवळच्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "मी इथे लोकांना वाढत होतो ताई, आणि तिकडे गावी आई गेली. पोचलो तेव्हा सगळं झालं होतं." त्याने डोळे पुसले आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्या दुपारी कोण कोणासाठी धावून आलं, हे मला नीट सांगता येत नाही. आईने इतकी वर्षं पाळलेला नियम एका अनोळखी माणसाच्या दुःखासाठी सहज बाजूला ठेवला, आणि मला वाटतं, तिची खरी भक्ती मी तेव्हा पाहिली. मी अजून मासे खाते. पण संध्याकाळी तिच्या दत्तापुढे दिवा लावते, हात जोडते. मागत काही नाही. जे पानात येईल ते घेते.