चावीसकट बातमी

"वाचून दाखव." फोनवरून बातमी सांगून झाली की ताईंचं हे ठरलेलं. त्या वार्ताहर, मी नाशिकच्या एका दैनिकात डेस्कवर. टायपिंगचा त्यांना मनस्वी कंटाळा. टिपणंही काढायच्या नाहीत. "नाव लिहिलं की सापडतं," म्हणायच्या. ज्याच्याविषयी बातमी असे, त्यालाही ती छापण्याआधी ऐकवायच्या. एका पुढाऱ्याला त्याच्यावरचीच टीका ऐकवली, तर बिचाऱ्याने चुकलेलं गावाचं नाव सुधारून दिलं. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. रोज वैताग आणतं आणि सुट्टीवर गेलं की करमत नाही.

सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत मुलांना किडक्या धान्याचं जेवण मिळतं, ही बातमी त्यांनी दिली. आतल्या कुणीतरी सांगितल्याशिवाय ती मिळणारच नव्हती. ते माणूस कोण, हे मलाही ठाऊक नव्हतं. नाव फुटलं असतं तर त्याची नोकरी गेली असती.

मग एका सकाळी पोलीस ताईंच्या घरी झडतीला आले. मोबाइल जप्त झाला. दुपारी ऑफिसचा फोन वाजला. ताई घरच्या लँडलाइनवरून बोलत होत्या. "बातमी घे," म्हणाल्या. झडतीचीच बातमी. मी घाईघाईने कागद ओढला, त्यांचा आवाज मात्र भाजी निवडताना असतो तसा.

"आता वाचून दाखव. स्पीकरवर टाकलाय, इन्स्पेक्टर साहेब अजून इथंच आहेत, तेही ऐकतील."

मी वाचू लागलो, "पोलिसांनी दोन कपाटं उघडून पाहिली..."

"एकच," मागून साहेबांचा आवाज आला. "दुसऱ्याची चावी सापडली नाही."

"ऐकलंस? दुरुस्त कर. चावीचंही घे."

"मॅडम, चावीचं राहू द्या की."

"खरं आहे ना? मग असू दे."

मी शेवटचं वाक्य वाचलं, "धान्याची बातमी कोणी दिली, हे सांगायला त्यांनी नकार दिला."

"हां, हे बरोबर आहे," साहेब म्हणाले. मला हसू आवरेना. पलीकडे कुणीतरी हवालदारही हसत होता.

बातमी चावीसकट छापून आली. ते नाव मात्र कुणाच्या हाती लागलं नाही.

ताई आता निवृत्त होऊन सटाण्याला लेकीकडे असतात. त्यांची फार आठवण येते. परवा एक बाई ऑफिसात आल्या. "सुरगाण्याहून आलेय. ताई नाय का?" नाहीत म्हटल्यावर त्यांनी नागलीच्या पापडांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "त्यांना द्या. मला निघाया हवं. शाळेतल्या पोरांचा रातचा सैपाक माझ्याकडंच हाय अजून."

मी त्यांना चहा विचारला. नाव विचारलं नाही.