मोराचा निळा डोळा

वडील चादरींची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचे. वाया गेलेल्या कागदावर सकाळी आम्ही सगळे चमकीच्या टिकल्यांचा मोर मांडायचो, एका चौकटीत एक टिकली. डिंक लावायचा नाही, कारण त्याच टिकल्या उद्या पोपटाला लागायच्या.

सोलापूरचा मे महिना आणि पंखा बंद! "घाम येऊ दे, पण हलू नका की!" आई ओरडायची. मोर पुरा झाला की वडील म्हणायचे, "लाव आता पंखा." मोर घरभर उडायचा, आम्ही टिकल्या वेचत सुटायचो.

एकदा मोराचा निळा डोळाच सापडेना. वडील कामावर गेले तरी आई चिडून चटया झटकत होती. संध्याकाळी वडील परतले, तर डोळा त्यांच्या कपाळावर चिकटलेला!

"तरीच कारखान्यात सगळे हसत होते," ते म्हणाले. "मला वाटलं, नवी नक्षी आवडली."