विरेशच्या ओळीतली फट

माकणीच्या बंडप्पांची थोरली लेक शिवलीला पुण्याच्या एका जनुक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, तेव्हा तिचा भाऊ विरेश चाकाच्या खुर्चीला खिळला होता. आधी पायातलं बळ गेलं, मग हातातलं. स्नायू झिजत चाललेत, एवढंच डॉक्टर सांगायचे.

शिवलीलेनं त्याचं रक्त पुण्याला नेलं. तिचं रोजचं काम तेच होतं. निरोगी जनुकाच्या अक्षरांची ओळ वर, रोग्याची खाली, आणि दोन्ही जुळवून बघणारं सॉफ्टवेअर. अक्षर जुळलं की गुण मिळत, चुकलं की कापले जात, मध्ये फट सोडावी लागली तर आणखी कापले जात. लहान लहान तुकड्यांचा हिशेब आधी मांडून, त्याच्यावर पुढचा रचत, ते सगळ्यांत जास्त गुणांची जुळणी शोधून काढायचं. विरेशच्या ओळीत त्यानं फट सोडली. तिथली चार अक्षरं नव्हतीच; पुढचं सगळं वाचन बिघडलं होतं.

मग तिनं आईचं रक्त तपासलं. इरम्माकडं त्या जनुकाच्या दोन प्रती. एकीत तीच फट. दुसरी चांगली, म्हणून ती धडधाकट होती; मुलाच्या वाट्याला मात्र आईकडची एकच प्रत येते.

सांगूच नये, असं तिला फार वाटलं. पण बहीण शिवप्रिया नळदुर्गला सासरी पोटुशी होती. तिच्यातही ती फट असू शकत होती; तिची तपासणी वेळेत व्हायला हवी होती.

इरम्मानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे म्याच दिलं त्येला."

"अव्वा, तुझा काय दोष? तुला तरी कुठं ठावं होतं?"

"दोष न्हाय इचारला. म्या दिलं का, त्ये सांग."

"व्हय," शिवलीला म्हणाली.

त्या दिवसापासून इरम्मानं विरेशला भरवणं सोडलं. ताट बंडप्पांच्या हातात द्यायची आणि परसात जाऊन बसायची.

"अक्का, अव्वा माझ्यावर रुसली का गं?" विरेशनं विचारलं. शिवलीलेनं ताट जवळ ओढून त्याला घास भरवला.

शिवप्रियाला तिनं फोनवर सांगितलं. "सासरी कळलं तर मला इथं ऱ्हाऊ देतील का?" एवढंच ती बोलली. तपासणी तिनं करून घेतली नाही. मुलगा झाला.

विरेश उन्हाळ्यात छाती भरून गेला. माती द्यायच्या आधी तोंडावरून शेवटचा हात फिरवायला बायकांनी इरम्माला पुढं आणलं, पण तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले ते सोडलेच नाहीत.

शिवलीला पुण्याला परतली. शिवप्रियाचा मुलगा आता धरून धरून उभा राहतोय. त्याचं रक्त पाठव, असं सांगायचंच म्हणून ती दर वेळी फोन लावते. दात किती आले ते विचारते, आणि ठेवते.