मामांचं फोर व्हील

उभ्या जालना जिल्ह्यात फोर व्हील कधी लावावं याचं ज्ञान आमच्या मामांइतकं कुणालाच नव्हतं, आणि ते लावण्याचा अनुभवही मामांइतका कमी कुणालाच नव्हता. केदारखेड्यापासून दीड कोस आत, काळ्या रानात त्यांची वस्ती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कुठल्याशा लिलावातून त्यांनी एक जुनी पिकअप आणली. पुढे माणसांची बैठक, मागे उघडा हौदा आणि गिअरच्या दांड्याशेजारी एक धाकटा दांडा. हा धाकटा दांडा ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही जोर लावू लागतात आणि गाडी कसल्याही चिखलातून निघते, अशी त्याची ख्याती. हेच ते फोर व्हील. पंचक्रोशीत असा दांडा दुसऱ्या कुणाच्या गाडीला नव्हता. मामांनी त्याच्या मुठीसाठी मामीकडून लोकरीची टोपी विणून घेतली. स्वतःच्या पोरांना तशी टोपी मिळाली नव्हती, असं मामी सांगत.

गावातल्या हॉटेलाच्या बाकड्यावर बसून मामा या विषयावर बोलू लागले की ऐकणाऱ्याचा चहा निवून जाई. "डांबरीवर बिलकुल लावायचं न्हाई. डांबरीवर लावलं का वळणाला गाडीचं अंग आखडतं. चिखल, रेती, चढ, ह्या तीनच जागा. अन् लावायचं ते घुसायच्या आधी. फसल्यावर लावून काय फायदा? बाई बाळंत झाल्यावर सुईण बोलावून राह्यला का तू?" हे सगळं अगदी बरोबर होतं. दूरदूरचे ट्रॅक्टरवाले त्यांना विचारायला येत. पण प्रत्यक्षात चिखल समोर आला की मामा गाडी थांबवत, धोतर खोचून खाली उतरत, बाभळीची काठी चिखलात खुपसून बराच वेळ बघत राहत आणि म्हणत, "तितकी गरज न्हाई अजून." मग वस्तीवरून बैलजोडी येई आणि पिकअप ओढून नेई. मामांच्या गाडीला चार चाकं आणि आठ पाय आहेत, असं लोक तोंडावर म्हणत. मामांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचा सगळा कारभारच असा होता. बॅटरीतले सेल काढून डब्यात ठेवलेले. अंधारात काही सरपटलं की आधी डबा शोधायचा. नवी गादी पाहुण्यांसाठी, पण आलेला पाहुणा त्या तोलाचा आहे की नाही हे मामा ठरवणार, आणि एवढ्या वर्षांत तसा एकही पाहुणा आला नाही. मामीचे कपबशांचे दोन सेट माळ्यावर गवतात झोपलेले. काही मागितलं की उत्तर ठरलेलं : "गरज पडंल तवा." मामी कपाळावर हात मारून म्हणत, "मी मेल्यावर पडंल ह्यांना गरज." मात्र आम्हा दोघा भावंडांच्या बाबतीत हा माणूस हात राखून कधी वागला नाही. आई गेली तेव्हा ताई नऊ वर्षांची होती आणि मी तिच्याहून लहान. मामा आईचे एकुलते एक भाऊ. दर महिन्याला रानातल्या शेंगा-डाळींच्या वाणवळ्याचं गाठोडं घेऊन ते बदनापूरला आमच्याकडे यायचे आणि ताईला दर वेळी तेच सांगायचे, "तुह्या लग्नात मामाची पिवळी साडी अन् मामाचा हात, ह्या दोन गोष्टींत कमी पडणार न्हाई." आमच्याकडे नवरी मामाच्या साडीत उभी राहते आणि मामाच तिला हाताला धरून मांडवात आणतो. ज्या पोरीला आई नाही, तिला त्या हाताचं काय वाटत असेल ते मी सांगायला नको.

तिचं लग्न मे महिन्यात निघालं. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा, बदनापूरलाच. मामांना घेऊन यायला आदल्या दिवशी मला वस्तीवर धाडलं. पहाटे अवकाळी कोसळला आणि रानाची वाट लोण्यासारखी झाली. तरी आम्ही आठला निघालो. मामा कोऱ्या धोतरात, कोसा फेट्यात. मामीच्या मांडीवर साडीचं गाठोडं. अर्ध्या मैलावर ओढ्याच्या उतारात मागची चाकं रुतली आणि जागच्या जागी फिरू लागली. पोरं आधीच लग्नघरी गेलेली, आणि घरी कुणी राहणार नाही म्हणून बैल आदल्या दिवशीच सोयऱ्यांच्या रानात पाठवलेले.

"मामा, आज तरी लावा," मी म्हणालो.

मामांनी मामीकडे पाहिलं. मामी बाहेर बघत बसल्या. मामांनी लोकरीची टोपी काढली, खिशात घातली आणि धाकटा दांडा ओढला. काहीच झालं नाही. मी उतरून पाहिलं.

"मामा, पुढची चाकं फिरत न्हाईत."

"कशी फिरतील?" मामा शांतपणे म्हणाले. "शाफ्ट घरी हाय."

पुढच्या चाकांपर्यंत जोर नेणारा जो लोखंडी शाफ्ट असतो, तो मामांनी गाडी आणली त्याच दिवशी खोलला होता. "उगं फिरून झिजू नये म्हणून काढून ठेवल्ता," ते म्हणाले. ग्रीस लावून, मेणकापडात गुंडाळून तो ज्वारीच्या कोठीत, तळाला. इतकी वर्षं हॉटेलात भाषण चालायचं ते या शाफ्टाशिवाय! मला हसावं की रडावं कळेना. मामी मात्र गाठोडं छातीशी धरून म्हणाल्या, "पोर वाट बघून राह्यली असंल हो." मामा वहाणा तिथेच सोडून चिखलातून वस्तीकडे पळत सुटले, आणि त्यांच्या मागे मी.

कोठीतली ज्वारी आम्ही दोघांनी अंगणात उपसली. शाफ्ट खांद्यावर घेऊन आलो. मामा कोऱ्या धोतरानिशी गाडीखाली चिखलात उताणे झोपले. मामी पाने देत होत्या, मी शाफ्ट उचलून धरला होता. आठ बोल्ट आवळेपर्यंत अकरा वाजले. पुन्हा भुरभुर सुरू झाली, तेव्हा शाफ्टाचं मेणकापड मामांनी साडीला गुंडाळलं. मग दांडा ओढला. गाडी थरथरली, पुढच्या चाकांनी माती धरली आणि आम्ही ओढा ओलांडून सरळ पलीकडच्या चढावर आलो. मामा हसले नाहीत की ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "हे असं असतं व्हय!"

डांबरी लागल्यावर मी म्हणालो, "आता काढा फोर व्हील."

"आज काहीच काढायचं न्हाई," मामा म्हणाले.

आयुष्यभराचा कायदा मोडून ते तसेच बदनापूरपर्यंत आले. प्रत्येक वळणाला गाडी कण्हत होती, टायर चिरकत होते आणि मामा दर वेळी "माफ कर बाई" म्हणत होते, ते गाडीला.

आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. मुहूर्त केव्हाच टळलेला, वरपक्षाचे काका फुगून बसलेले. ताई आतल्या खोलीत घरच्या साडीत, दाराला आतून कडी. "मामा आल्याबिगर मी उभी न्हाई राह्यची," एवढंच तिचं म्हणणं, आणि अख्खा मांडव त्यापुढे हतबल. मामा चिखलाने माखलेले दाराशी गेले. "ये बाई, आलोय मी." कडी निघाली. त्यांचा अवतार बघून ताई आधी खदाखदा हसली आणि मग अशी रडली की काकासुद्धा निवले. गुरुजींनी पंचांगातून दुसरा मुहूर्त काढला; तसा तो निघतोच. पिवळ्या साडीला ग्रीसचा वास येत होता. मंगलाष्टकं चालू असताना सगळे नवरीकडे बघत होते. मी तिच्या मागे उभ्या असलेल्या मामांचे काळे, अनवाणी पाय बघत होतो. तेव्हा मला आईची फार आठवण झाली.

मामा सुधारले असं समजू नये. दुसऱ्या दिवशी शाफ्ट पुन्हा कोठीत गेला आणि हॉटेलात भाषणं सुरू झाली. पुढे त्यांचे गुडघे धरले, गाडी चालवणं होईना, तेव्हा वाटूरचा एक गृहस्थ ती विकत घ्यायला आला. योगायोगाने मी तिथेच होतो. त्याने विचारलं, "फोर व्हील चालतं का?"

"चालत न्हाई," मामा म्हणाले.

मी थक्क झालो. त्यांना खोटं बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. गाडी गेली. मामा बाजेवरून उठले, कोठीपाशी गेले आणि मेणकापडातलं ते धूड माझ्यापुढे आणून ठेवलं.

"ताईची पोर कितवीत?"

"पाचवीत."

"मंग हे घेऊन जा. तिचा मामा तूच हाईस ना?"

"मामा, माझ्याकडं स्कूटर आहे."

"असू दे. ऐन वख्ताला घरात न्हाई, असं नको व्हायला."

स्कूटरला आडवा बांधून तो शाफ्ट मी बदनापूरला आणला. रस्त्यात ज्यांनी पाहिलं ते हसले. आता मामा नाहीत. शाफ्ट माझ्या खाटेखाली असतो. भाची यंदा बारावीला बसली. अजून पुष्कळ वेळ आहे. तरी दर दिवाळीला मी मेणकापड सोडतो, शाफ्टाला ग्रीस लावतो आणि पुन्हा गुंडाळून ठेवतो.