डाव्या सीटपुढचं पाणी

परवा रविवारी विद्यानगरला बाबांकडे गेले होते. त्यांच्या जुन्या गाडीतून बाजारात जायचं होतं म्हणून सवयीने पुढचं डावं दार उघडलं, तर बाबा म्हणाले, "मागं बस. पुढं तुझी आई आहे."

आई जाऊन वर्ष होत आलंय...

मी मागे बसले. बाबांनी वाकून रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला, नीट लावला आणि गाडी सुरू केली.

दादा पुण्याहून कधीचा म्हणतोय, बाबांकडून चावी काढून घे. नजर कमी झालीय, एखाद दिवशी कुणाला तरी उडवतील. पण चावीचं नाव काढलं की बाबांचं उत्तर ठरलेलं... मग हिला कोण फिरवणार? इतके दिवस मला वाटत होतं, ते चेष्टेत म्हणतात.

बाहेर रखरखीत ऊन होतं. अफझलगंजच्या अलीकडे एक उजवं वळण आहे, तिथे बाबांनी गाडी हळू केली. "आता बघ हं," म्हणाले.

वळलो आणि पुढून आवाज आला... टप टप टप. मी वाकून पाहिलं. निघताना कोरडं असलेलं डावीकडचं मॅट भिजलं होतं. आपण पाय ठेवतो बरोबर तिथेच, दोन ओले डाग. आणि गाडीभर झेंडूचा वास... ताज्या फुलांचा नाही, निर्माल्याचा.

"दर खेपेला इथंच," बाबा म्हणाले. "मेकॅनिकला दाखवलं की. त्यानं दाराचे रबर बदलले. म्हणतो, पानी किधर से आरा मालूमच नै पडरा."

खोटं कशाला बोलू, परत येताना मी मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसले होते. आणि भीती आईची नव्हती, बाबांची वाटत होती... हे माणूस आपल्या हातून निसटत चाललंय, याची.

पण मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली बाई. एखादी गोष्ट पुन्हा घडवून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरी आल्यावर पाण्याचा पाइप बाबांच्या हातात दिला आणि टॉर्च घेऊन गाडीत बसले. पुढे, डावीकडे. बाबा नको नको म्हणत राहिले.

काचा वर केल्या. टपावर पाणी मारलं, काही नाही. दारांवर मारलं, काही नाही. समोरच्या काचेवरून पाणी ओघळत होतं आणि पलीकडे बाबांचा चेहरा विरघळल्यासारखा दिसत होता. ओठ हलत होते. ते बोलत होते, पण माझ्याशी नाही, एवढं मला आत बसून कळलं.

मग पाइप वायपरपाशी आला आणि माझ्या पावलांवर गारेगार पाणी पडलं. आधी डाव्या, मग उजव्या. मी किंचाळलेच.

वायपरखालची प्लास्टिकची जाळी काढली. आत काळा चिखल... झेंडू, आपट्याची पानं. दर दसऱ्याला आई गाडीची पूजा करून काचेपाशी ओंजळभर फुलं ठेवायची. ती उचलायची कधी कुणालाच आठवण झाली नाही. वर्षानुवर्षं जाळीतून आत पडत गेली आणि पाणी निघून जायचं भोक बुजलं. पावसाचं, गाडी धुतल्याचं पाणी आत साचून राहायचं, आणि उजवं वळण घेतलं की डावीकडे उसळून एसीच्या ब्लोअरमधून खाली पडायचं.

झालं, एवढंच होतं.

फक्त एक... त्या चिखलात झेंडूची रोपं उगवली होती. पांढुरकी, लांबलचक, केसासारखी बारीक. उजेड वरून जाळीतून येत होता. रोपं मात्र सगळीच्या सगळी गाडीच्या आतल्या अंधाराकडे वाकलेली. याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

मी भोक साफ केलं, जाळी बसवली आणि पुन्हा पाणी मारायला लावलं. आत ठणठणीत कोरडं. मला वाटलं बाबांना हायसं वाटेल. मी उत्साहाने समजावून सांगत होते, पाणी कुठून कसं यायचं ते.

बाबांनी डावं दार उघडून मॅटवरून हात फिरवला. परत फिरवला. तळवा उलटा करून बघितला. मग हळूच आत बसले, त्याच सीटवर, स्वतःला बेल्ट लावला आणि चावी माझ्यापुढे धरली.

"तू चालव. माझं काय आता."

याच चावीसाठी दादा आणि मी महिनोन् महिने जिवाचं रान केलं होतं. ती घेताना मला रडूच फुटलं... गाडी दुरुस्त झाली हो. पण आई गेली तेव्हा बाबा एकटे झाले नव्हते. त्यांना एकटं मी केलं, परवा, रविवारी.