अठकोनीतली हाक

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, सरकारी बांधकामाच्या नोकरीत. 'पछाडलेली' म्हणून दाखवलेली बहुतेक घरं मी पाहिलीत, ती फक्त ओल आलेली. या सदरातले अनुभवही मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचते. आज मीच लिहायला बसलेय, याचं हसू येतंय... आणि लाजही वाटतेय. लाज कशाची, ते पुढे येईलच.

जागा धुळे जिल्ह्यातली, साक्रीच्या अलीकडे पांझरेच्या काठावरचं जुनं विश्रामगृह. नेमकं गाव सांगत नाही, कारण नोकरी अजून करायची आहे. विश्रामगृहाच्या मागे बाग, आणि बागेत मधोमध एक छोटा मंडप होता – आठ सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं, खाली गुडघाभर उंच ओटा. गावात त्याला अठकोनी म्हणायचे. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाच्या मडमेला चहा प्यायला म्हणून बांधली म्हणतात. मडम गेली आणि पुढारी आले. तिकीट कुणाला, अध्यक्ष कोण, कुणी माघार घ्यायची, सगळं तिथे ठरायचं. तालुक्याचे निम्मे निकाल मतपेटीतून निघतात आणि निम्मे अठकोनीतून, असं लोक म्हणायचे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

हे सगळं मला सांगितलं सुकलाल आबांनी. आबा म्हणजे तिथले चौकीदार आणि स्वयंपाकीही. त्यांच्या आधी स्वयंपाकाला त्यांची आई होती, तिला सगळे अक्का म्हणायचे. अक्काचा एक नियम होता. जेवण तयार झालं की ओसरीतून एकदाच हाक मारायची. पहिल्या हाकेला जो उठेल तो जेवेल. मुंबईहून आलेले एक मोठे साहेब एकदा "पाच मिनिटं" म्हणत बसून राहिले. अक्कानं त्यांच्या वाटचं भरीत ड्रायव्हरांना वाढून टाकलं, आणि साहेब उपाशी धुळ्याला गेले! तेव्हापासून चर्चा कितीही तापलेली असो, अक्काची हाक आली की अठकोनी रिकामी. सगळ्यांना ती 'रे' म्हणायची, आमदारालासुद्धा. अक्काला जाऊन बरीच वर्षं झालीत. मी तिला कधी पाहिलं नाही.

आता माझा भाग.

गेल्या हिवाळ्यात तिथे बैठक ठरली. वळणरस्ता कुठल्या गावावरून न्यायचा यावरून दोन गटांत जुंपली होती, आणि माजी आमदार नाना समेट घडवणार होते. नानांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण शब्दाला अजून वजन. बैठकीआधी मंडप 'सुस्थितीत असल्याचा' दाखला मला द्यायचा होता. दोन दिवस आधी मी गेले, तर अठकोनी नुकतीच रंगवलेली. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी रंग... झाडांच्या बुंध्यांनासुद्धा गेरू-चुना लागतो! खांब, तुळया, वासे, सगळ्यांवर हिरवागार ऑइलपेंट, अजून ओला. शिडी मागितली, तर ती स्वागत कमानीसाठी गेलेली. खरं तर वर चढून तुळया टोचून बघायच्या असतात. मी खालूनच मान वर करून पाहिलं, छान चकाकत होतं. सही केली. पाच मिनिटांचं काम.

बैठक दुपारी सुरू झाली. नऊ पुढारी ओट्यावर खुर्च्या टाकून बसले, मी रस्त्याचा नकाशा घेऊन एका खांबाशी उभी. सगळ्यांचे मोबाइल, अशा बैठकीत नेहमी असतात तसे, बाहेर टोपलीत. आबा मागच्या अंगणात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवून वांगी भाजायच्या तयारीत. बोलणं लवकरच तापलं. "आमच्या विहिरीवरून रस्ता जाऊ देणार नाही" इथपासून सुरू होऊन ते एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचले.

आणि मला नकाशावर भुसा दिसला.

बारीक, पिवळसर. मी तो फुंकला. थोड्या वेळानं परत पडला. वर पाहिलं – मधल्या तुळईचा रंग एका जागी फुगून फाटला होता, आणि फटीतून भुसा गळत होता. वाळवी! आतून तुळई पोखरलेली आणि वरून ऑइलपेंट. इंजिनिअरला यापुढे काही सांगावं लागत नाही.

मी बोलले नाही. हो, नाही बोलले. समोर नाना हात उगारून बोलत होते, तालुका एकमेकांच्या उरावर बसलेला, आणि फाइलमध्ये दोन दिवसांपूर्वीची माझी सही. आता तोंड उघडलं तर पहिला प्रश्न येणार – मॅडम, मग तुम्ही काय पाहिलं होतं? मनाशी म्हटलं, इतकी वर्षं उभी आहे, अजून तासभर राहील. तशीच उभी राहिले.

तेवढ्यात ओसरीकडून हाक आली. बाईचा आवाज, खणखणीत, अहिराणीत.

"उठा रे पोऱ्यासहोन! भरीत थंडं व्हयी ऱ्हायनं!"

नाना वाक्य अर्धं टाकून उठले. त्यांच्यामागे सगळे. कुणी कुणाकडे पाहिलंही नाही. शाळा सुटल्यासारखे नऊच्या नऊ जण चपला शोधत ओसरीकडे निघाले. मी मात्र तिथेच. पुढाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसत नाही, आणि मला एकटीला ती तुळई नीट बघायची होती. मग तोच आवाज, पण या वेळी हळू, अगदी जवळून, मलाच तिथे का उभी म्हणून विचारणारा:

"तू बी चाल वं माय. तठे काबरं उभी शे?"

मी नकाशा तसाच टाकून निघाले.

ओसरीत पानं मांडलेली नव्हती. आबा मागून धावत आले, हात राखेनं भरलेले. "काय व्हयनं, नाना? बठ्ठाजण उठी उनात?"

"तुम्हीच बोलावलं ना जेवायला?" नानांनी विचारलं.

"मी कोनले बी हाक नही मारी. वांगा त आते भाजाले टाकात."

नाना काही बोलणार, इतक्यात मागे ट्रॉलीतून विटा ओतल्यासारखा आवाज झाला. अठकोनी बसली. कौलं, वासे, तुळई, सगळं नऊ खुर्च्यांवर. मी उभी होते तो खांब मधोमध मोडलेला.

विश्रामगृहात त्या दिवशी मी सोडून एकही बाई नव्हती. शोधलं आम्ही. स्पीकर नव्हता, शेजारी वस्ती नाही, मोबाइल टोपलीत बंद. नंतर मी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं. नऊही जणांनी तीच हाक सांगितली, त्याच शब्दांत. नाना म्हणाले, "मला 'रे' म्हणणारं आता कोण उरलंय, मॅडम? उठताना ती गेलीय हे आठवलंसुद्धा नाही." दुसरी हाक मात्र कुणीच ऐकली नव्हती. आबांना ती सांगितली, तर ते डोळ्यांना उपरणं लावून बसून राहिले.

नानांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वाऱ्यानं पडली असं लिहा. कुणी विचारणार नाही." भला माणूस, माझ्या भल्यासाठीच म्हणाला. मी घरी जाऊन लिहायला बसले आणि लिहिता येईना. शेवटी खरं तेच लिहिलं – वर न चढता दाखला दिला. नोटीस आली, वेतनवाढ थांबली. त्याचं काही नाही.

तो आवाज कुणाचा, कुठून आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा. मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. मी तिथे उभी होते, मला दिसत होतं, आणि म्हणायचं एवढंच होतं – उठा. ते मेलेल्या बाईला येऊन म्हणावं लागलं.